गोल नाही केला म्हणून डेम्बेलेला सहाच मार्क?

प्रश्न : दादा नमस्कार, मी शहापूरचा. २०२५ च्या ३१ मेची चॅम्पियन्स लीगची फायनल, म्हणजे आपल्याकडं घड्याळात १ जून लागलेला, रात्रीचे साडेबारा, आम्ही आठ-नऊ पोरांनी एका मित्राच्या माडीवर बघितली. पॅरिसच्या पीएसजीनं इटलीच्या इंटरला ५-० हाणलं. सकाळी चहाच्या गाडीवर सगळ्या प्लेयरना दहापैकी मार्क द्यायला बसलो आणि तिथंच वाजलं. दोस्त म्हणतो पीएसजीचा फॉरवर्ड डेम्बेलेला सहाच्या वर काय मिळत नाही, पाच गोल झाले आणि त्यात एक पण त्याचा नाही. मी आठ म्हणतो. तुम्ही किती देता? बाकीच्यांचं पण सांगा.

उत्तर : भावा, मी नऊ देतो, आणि तुझ्या दोस्ताला सांग की रागावू नको, खरं मॅच परत एकदा बघ आणि या वेळी बॉलकडं बघू नको, नुसतं डेम्बेलेकडं बघ.

आधी कागदावरचं घेऊ. २० व्या मिनिटाला दुएनं जो दुसरा गोल मारला त्याचा पास डेम्बेलेचा. ७३ व्या मिनिटाला क्वारात्स्खेलियाला एकटा सोडला तो पास पण त्याचाच. मध्ये ६३ व्या मिनिटाला विटिन्या बॉल घेऊन वर आला तेव्हा टाचेनं त्याला परत दिलेला तो बॉल आठवतोय काय? तिथंच इंटरची लाईन फाटली, मग विटिन्यानं दुएला दिला आणि तिसरा गोल. म्हणजे पाचातल्या तीन गोलांत त्याचा पाय आहे, मग सहा मार्क कुठल्या हिशोबानं?

खरं माझे नऊ मार्क त्याच्यासाठी पण नाहीत. इंटरचा गोली झोमर गोलकिक घ्यायला बॉल ठेवायचा तेव्हा डेम्बेले पेनल्टी बॉक्सच्या अगदी कडेला, गुडघ्यात वाकून, शंभर मीटरच्या रेसला उभं राहतात तसा उभा असायचा आणि नजर सरळ झोमरच्या डोळ्यात. इंटरचा सगळा खेळच मागनं बांधत आणायचा, बास्तोनी, आचेर्बी, चाल्हानोग्लू अशा छोट्या छोट्या पासनी, आणि हा गडी तिथंच दार अडवून बसलेला. झोमर लांब मारणार, लांब मारला की पीएसजीचे बॅकवाले पाचो नाहीतर मार्किन्योस उचलणार, आणि परत बॉल पीएसजीकडं. पहिल्या अर्ध्या तासात इंटर स्वतःच्या हाफमधनं नीट बाहेरच आलं नाही, त्याचं पहिलं कारण हे. ज्याच्या बॉलॉन डोरच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी प्लेयरच्या बक्षिसाच्या, गप्पा तेव्हा चाललेल्या तो प्लेयर असं पळतोय म्हटल्यावर मागचे दहा जण कसे थांबतील?

आपल्याकडं लेले ग्राउंडवर कुठलीही लोकल मॅच बघ, बॉल गेला की फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभा, आता बॅकवाल्यांनी बघून घ्यावं. मी स्वतः दहा वर्षं असाच खेळलो आणि आता वाईट वाटतं. म्हणून डेम्बेलेच्या मार्कांवर मी एवढा अडून बसलोय.

आता बाकीचे. दुएला दहा, यात वाद नको. १२ व्या मिनिटाला विटिन्याचा पास बॉक्समध्ये घेऊन स्वतः न मारता हकिमीपुढं सरकवला आणि पहिला गोल झाला, पुढं दोन गोल स्वतः. वय १९, तीन दिवसांनी २० वा वाढदिवस. त्या वयात गोलसमोर बॉल मिळाला आणि बाजूला मोकळा उभा असलेला साथीदार दिसला, हीच मोठी गोष्ट. विटिन्याला साडेनऊ. सगळी मॅच त्याच्या पायातनं गेली, कधी हळू करायची कधी सोडायची हे तोच ठरवत होता. झुआव नेव्हेस आणि फाबियान रुईझ दोघांना आठ-आठ, ते दिसत नव्हते एवढे नीट खेळले. क्वाराला, म्हणजे क्वारात्स्खेलियाला आठ, पहिल्या हाफमध्ये चान्स घालवले म्हणून, नाहीतर तो स्वतःच्या बॉक्सपर्यंत येऊन बॉल काढत होता. बार्कोलानं पाचव्या गोलला पास दिला खरं त्याआधी एक सरळ चान्स बाहेर मारला, साडेसहा. गोली डोन्नारुम्माला सात, त्याला काम कमी होतं, थुरामचा एक अडवला तेवढाच. त्याचं काम मार्चमध्येच झालेलं, लिव्हरपूलच्या घरात पेनल्टी अडवून. तो दिवस नसता तर ही रात्रच नव्हती.

आणि मार्किन्योस. खेळाला आठ, बाकी मनातनं किती द्यावं सांगता येत नाही. २०१३ पासून त्याच क्लबात. २०१७ ला बार्सिलोनाकडनं ६-१ हरले तेव्हा मैदानात, २०२० ला बायर्नकडनं फायनल हरले तेव्हा पण मैदानात. नेमार आला गेला, मेस्सी आला गेला, एम्बाप्पे गेला, आणि कप उचलला तो यानं. युरोपियन कपच्या फायनलमध्ये पाच गोलांच्या फरकानं आजवर कोण जिंकलं नव्हतं, १९६० च्या ७-३ मध्ये पण फरक चारचाच, आणि मिलाननं १९८९ ला आणि १९९४ ला मारले ते पण ४-०.

प्रश्न : सर, मी खानापूर भागातली, कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळते. गोल मारणाऱ्यांचे फोटो सगळे स्टेटसला लावतात, बॅकवाल्यांचं कोण नावच घेत नाही. या फायनलमध्ये बॅकवाल्यांनी नक्की काय केलं ते सांगाल का?

उत्तर : ताई, तुझं पत्र वाचून मी दुसरा गोल परत पाच-सहा वेळा लावून बघितला. सगळे दुएच्या शूटपासनं बघतात, तू वीस सेकंद मागं जा. बॉल पीएसजीच्याच हाफमध्ये, लाईनबाहेर जाणार, बारेल्ला जवळच आहे आणि त्याला वाटलं गेला बॉल. पाचोनं पाय घालून तो आतच ठेवला आणि काढून घेतला. तिथनं क्वारा पळाला, डेम्बेले, दुए, गोल. पाचोचं नाव स्कोअरशीटवर कुठंच नाही, खरं तो पाय पडला नसता तर हा गोल झालाच नसता. त्याला मी साडेआठ देतो.

तुझ्या जागेवरचा नुनो मेंडेस, त्याला पण साडेआठ. त्याच्यापुढं होता डम्फ्रीस, ज्यानं सेमीफायनलच्या पहिल्या मॅचमध्ये बार्सिलोनाला दोन गोल मारलेले, उंच, ताकदीचा, मागच्या पोस्टवर येऊन हेड मारणारा. मेंडेसनं काय केलं, तर नुसता अडवत बसला नाही, स्वतः एवढा वर गेला की डम्फ्रीसलाच मागं पळावं लागलं. तुला समोर असा दांडगा विंगर मिळाला तर हे करून बघ, खरं तू वर गेलीस की तुझ्या जागेवर कुणीतरी मिडफिल्डर उभा पाहिजे, हे आधी टीममध्ये बोलून घे. पीएसजीत ते काम नेव्हेस आणि फाबियान करत होते, म्हणून तर त्यांना आठ.

प्रश्न : हकिमीनं पहिला गोल मारून हात जोडल्यासारखे का केले? आनंद का नाही केला? (कॅम्प, बेळगाव)

उत्तर : तो २०२०-२१ ला इंटरकडनंच खेळला आणि त्या वर्षी त्यांना इटलीची लीग जिंकून दिली, तिथनंच तो पीएसजीला आला. जुन्या घरच्या लोकांची माफी मागितली त्यानं. मला ते फार आवडलं. साडेआठ.

प्रश्न : मी निपाणीचा, पंधरा वर्षं इंटरचा सपोर्टर. सगळे हसायलेत. आम्ही एवढे वाईट होतो काय?

उत्तर : अण्णा, हसणाऱ्यांना ६ मेची रात्र आठवून द्या. बार्सिलोनासमोर ९३ व्या मिनिटाला ३७ वर्षांच्या आचेर्बीनं बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाईममध्ये ४-३, दोन मॅच मिळून ७-६. असली सेमीफायनल मी तरी बघितली नव्हती. त्यानंतर इटलीची लीग एका पॉइंटनं नापोलीकडं गेली, ती पण फायनलच्या आठ दिवस आधी. झोमर, म्खितारियन, आचेर्बी, तिघं पस्तिशीच्या पुढं, आणि समोर १९-२० ची पोरं न थांबता पळतायत. पाय संपलेले अण्णा, मन नव्हे.

तरी मार्क विचारलेत तर द्यायला पाहिजेत. दिमार्कोला तीन. पहिल्या गोलला तो मागं राहिला म्हणून हकिमी ऑनसाईड झाला, आणि दुसऱ्या गोलला दुएचा शूट त्यालाच लागून वळला. चांगला प्लेयर आहे, ती रात्र त्याची नव्हती. झोमरला पाच गोल खाऊन पण सहा, वळलेल्या बॉलला कुठला गोली काय करणार. फॉरवर्ड लाऊतारोला चार, त्याच्यापर्यंत बॉल पोचलाच नाही.

प्रश्न : कोचला मार्क देत नाहीत काय तुम्ही? (एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : देतो सर. पीएसजीचा कोच लुईस एन्रिकेला दहा. दुएचे दोन झालेले, तिसरा मारून हॅट्ट्रिक करता आली असती, तरी ३-० झाल्यावर लगेच त्याला बाहेर घेतलं आणि बार्कोलाला आत घातलं, आणि पोरगं हसत बाहेर आलं. ८४ व्या मिनिटाला मायुलू आत आला, तो पण १९ चाच, पॅरिस भागातच वाढलेला, आणि ८६ व्याला त्यानं पाचवा मारला. या टीममध्ये नावापेक्षा काम मोठं हे एन्रिकेनं दोन वर्षांत एम्बाप्पे असताना आणि गेल्यावर पण बदललं नाही.

आणि सर, एक गोष्ट मार्कांत बसत नाही. २०१५ ला तो बार्सिलोनाचा कोच असताना बर्लिनमध्ये हाच कप जिंकला, तेव्हा त्याची लहान मुलगी झाना मैदानात क्लबचा झेंडा रोवत होती. २०१९ ला कॅन्सरनं ती गेली, नऊ वर्षांची होती. म्युनिकमध्ये मॅच संपल्यावर पॅरिसच्या लोकांनी स्टँडमध्ये भलामोठा पडदा उलगडला, त्यावर तो आणि झाना, झेंडा रोवताना, या वेळी पीएसजीचा. माझी बायको आवाजानं जागी होऊन बाहेर आली होती, तिला फुटबॉलमधलं काय कळत नाही, तिनं विचारलं हे चित्र कुणाचं. मी सांगितलं, आणि मग ती पण कप देईपर्यंत बसली. पहाटेचे तीन वाजत आलेले.