मारुती ८००चा ऑइल चेंबर घरीच काढून सीलंट लावायचंय. किती जाड लावू आणि किती वेळ थांबू?

तुमची गाडी २००४ची, रोज सकाळी पार्किंगमध्ये रुपयाएवढा काळा डाग पडतो, मेकॅनिक म्हणाला ‘चेंबरचं पॅकिंग गेलंय’, आणि तुम्ही ट्यूब आणून ठेवलीये. थोडक्यात सांगायचं तर ३ मिलिमीटर जाड आणि २४ तास. पण नुसते आकडे पुरत नाहीत, या कामात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून थोडं सविस्तर.

आधी खात्री करा की गळतोय तो चेंबरच, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं. तेल वरून खाली येतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, रबर कडक झालं की तेल ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या कडेला येऊन थेंबतं, आणि खालून बघणाऱ्याला दोषी चेंबरच वाटतो. इंजिन बाहेरून डिझेलने धुऊन, पुसून कोरडं करा, संशयित जागांवर टाल्कम पावडर उडवा आणि एक चक्कर मारून या. ओली रेघ कुठून सुरू होते ते पावडरीत स्वच्छ दिसतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब येत असेल तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलचा संशय घ्या. तिथे चेंबर उघडून काही उपयोग नाही.

आता माझी फजिती. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मला वाटलं, जास्त लावलं तर जास्त पक्कं बसेल. केकवर आयसिंग काढावं तसा जाड थर लावला, वर बोल्ट करकचून आवळले. बाहेरून थेंबही गळेना, मी खूश. काही महिन्यांनी घाट चढताना तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चेंबर पुन्हा उतरवला तर तेलपंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे अडकलेले! जेवढं बाहेर दाबलं जातं तेवढंच आतही दाबलं जातं, ते तुटून तेलात पडतं आणि पंप ते थेट जाळीवर ओढतो. नशीब, बेअरिंग वाचलं.

म्हणून खरं काम सफाईचं. माझा अख्खा दिवस त्यात जातो, सीलंट लावायला दहा मिनिटं. तेल रात्रीच काढून ठेवा. चेंबर उतरवल्यावरही ब्लॉकमधून बराच वेळ थेंब येत राहतात, आणि एक थेंब कडेवर आला की त्या जागी सीलंट धरत नाही. (गाडीखाली जाताना स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, हे लिहायचं कारण नसावं, पण लिहितो.) जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ब्लॉकच्या कडेवर ब्लेड जपून, ओरखडा पडला की तीच गळतीची वाट. ड्रिलला घासणारी चकती लावायचा मोह होईल, लावू नका. तिची बारीक पूड इंजिनात शिरली तर बेअरिंग खाते. शेवटी ब्रेक क्लीनर किंवा थिनर आणि कोरडं, सूत न सुटणारं फडकं. पेट्रोलने पुसलेलं मला आवडत नाही, मागे तेलकटपणा राहतो. बोल्टच्या भोकांतलं तेलही टिपून घ्या.

चेंबर पत्र्याचा असतो. आधीच्या कुणीतरी बोल्ट आवळून आवळून भोकांजवळचा पत्रा वर ओढलेला असतो, मग तिथे पत्रा टेकतो आणि मधल्या भागात फट राहते. सरळ पट्टी ठेवून बघा. उंचवटे दिसले तर लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातोडीने सपाट करा. ही पायरी गॅरेजमध्येही अनेकदा गाळली जाते, आणि गळती परत येते ती बऱ्याचदा इथूनच.

ट्यूब कोणती ते बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं, बाथरूमच्या फटींचं सिलिकॉन इथे चालत नाही. त्याचं आम्ल धातूला गंज धरवतं आणि वाफ धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरला बाधते. तुमच्या गाडीला तो सेन्सर असणार. दुकानात इंजिनसाठीचं अनाबॉण्ड मागितलंत तर समजतं. ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलंय का आणि मुदत संपलीये का, तेवढं बघा.

नोझल ३ मिलिमीटरला कापा. चेंबरच्या कडेवर एकच अखंड रेघ ओढा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. ब्लॉकला पुढे तेलपंपाचं आणि मागे सीलचं आवरण जिथे जोडलंय, तिथे तीन तुकडे एकत्र येतात. त्या सांध्यांवर एकेक ठिपका जास्तीचा. मग रेंगाळू नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने धरतं, त्यामुळे कोकणात जुलैमध्ये त्यावर साय फार लवकर येते. साय आल्यावर चेंबर बसवला तर नीट चिकटत नाही. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून कडेकडे, समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत. दहाच्या पान्याचे हे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला बसतात, म्हणजे पाना तोंडाजवळ धरून मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. मग २४ तास तसंच राहू द्या. नंतर बोल्ट पुन्हा आवळायला जाऊ नका, धरलेली पकड सुटते. २४ तास झाल्यावरच तेल भरा.

शेवटी विचारलंय की हेड गॅस्केटलाही (ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगलाही) हेच लावू का. अजिबात नाही. तिथल्या दाबाला आणि उष्णतेला ते टिकत नाही. पेट्रोल लागतं अशा जागीही नको, फुगून मऊ पडतं.

ट्यूब बरीच उरेल. नोझलमध्ये एक लांब स्क्रू पिळून ठेवा. पुढच्या वेळी तो ओढला की वाळलेली गुठळी त्याच्यासोबतच बाहेर येते.