हप्ता कशावर मिळतो, ते आधी वाच

सप्रेम नमस्कार.

तुझ्या रॉकेटच्या अंदाजपत्रकात खर्चाची बाजू नेटकी आहे. जमेच्या बाजूला मात्र ‘गुंतवणूकदार’ एवढा एकच शब्द आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

२००६ मध्ये नासाने मालवाहू यानांसाठी स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर या खासगी कंपन्यांशी करार केले. कामाचा टप्पा ठरलेला, रक्कम ठरलेली. टप्पा पुरा झाला की हप्ता. खर्च वाढला तर तो कंपनीच्या माथी. आराखड्याची तपासणी, इंजिनाची चाचणी यांच्याच रांगेत बाहेरून भांडवल उभं करणं हाही एक टप्पा होता. किस्लर तिथेच अडली. करार २०.७ कोटी डॉलरचा. हाती सुमारे ३.२ कोटी पडले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तो रद्द झाला. म्हणून प्रत्येक हप्त्यापुढे लिही: तो मिळेपर्यंत पदरचे किती जाणार, आणि चाचणी तीन महिने लांबली तर पगार कुठून देणार?

दुसरं, अपयशाची तरतूद. स्पेसएक्सच्या फाल्कन १ या रॉकेटची पहिली तीन उड्डाणं फसली. पहिल्यात अॅल्युमिनियमचा नट गंजून रॉकेल गळलं नि आग लागली. दुसऱ्यात रॉकेटच्या वरच्या भागाच्या टाकीतला द्रव ऑक्सिजन डचमळला. तिसऱ्यात इंजिन बंद केल्यावरही थोडा रेटा उरला आणि रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे सुटा होणारा खालचा भाग, वरच्यावर आदळला. ही शेवटची दुरुस्ती जवळजवळ फुकटची होती: इंजिन बंद करणं आणि टप्पे सोडणं यांत थोडा जास्त वेळ ठेवायचा. पण स्पेसएक्सचे संस्थापक मस्क यांनी पैसा तीन उड्डाणांपुरताच धरला होता. चौथ्या रॉकेटचे भाग हाताशी होते, म्हणून आठ आठवड्यांत, २८ सप्टेंबर २००८ रोजी ते कक्षेत पोचलं. डिसेंबरात नासाचं १६० कोटी डॉलरचं, १२ फेऱ्यांचं कंत्राट मिळालं. तूही चौथ्या रॉकेटचे भाग आजच अंदाजपत्रकात धर.

आणि शक्य तिथे प्रयोग विकलेल्या उड्डाणावरच कर. स्पेसएक्सच्या पुढच्या, मोठ्या रॉकेटचा, फाल्कन ९ चा, खालचा टप्पा आपलं काम आटोपून एरवी समुद्रात पडायचाच. स्पेसएक्सने त्याच्यावर उतरण्याचे प्रयोग केले. जानेवारी २०१५ मध्ये दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल (पंख हलवणारं दाबाचं तेल) संपलं आणि तो तरंगत्या तळावर आदळला. पुढच्या खेपेला तेल वाढवलं. डिसेंबरात, वेगळ्या उड्डाणात, तो जमिनीवर उभा उतरला. पंख, पाय, जादा इंधन यांचं वजन ग्राहकाला कबूल केलेल्या क्षमतेतून मात्र कापू नकोस. ते आधीच वेगळं राखून ठेव.

हप्त्यांचा तक्ता केलास की पाठव.