पैसे ठीक, पण माणूस कशाला?

प्रश्न : मी घरं रंगवण्याचं काम करतो. थोरली मुलगी यंदा शाळा संपवून इंजिनिअरिंगला जाणार आहे. आमच्यात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हुशार आहे, माझ्या कामाचा रंगाचा हिशेबही तीच करून देते. एका सेवाभावी संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलंय, आता मुलाखत आहे. संस्था फी भरणार, पण सोबत एक मार्गदर्शक नेमणार आणि तो चार वर्षं दर महिन्याला तिच्याशी बोलणार. पैशाचं मी समजू शकतो, पण हा परका माणूस कशाला? शिवाय अर्जातल्या निबंधात तिने घरच्या अडचणी लिहिल्यात, ते वाचून जिवाला लागलं. मी कधी कुणापुढे हात पसरलेला नाही. काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना त्या हात पसरण्याच्या वाक्यापाशी मी थांबले. तुमच्या मुलीनेही हात पसरलेला नाही. तिने अर्ज भरला, निबंध लिहिला, कागदपत्रं जोडली आणि छाननीतून नाव वर आणलं. याला निवड म्हणतात, आणि ती तिने स्वतःच्या बळावर मिळवली आहे. तुमचा खरा प्रश्न मात्र दुसरा आहे, आणि तो विचारलात हे फार चांगलं केलंत.

माणूस कशाला? इतक्या वर्षांत ज्या मुलांना मी मध्येच कॉलेज सोडताना पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची फी भरलेली होती. अडलं ते भलत्याच गोष्टींवर. विषय बदलण्याची मुदत कधी संपली ते कळलंच नाही. राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरायचा असतो हे माहीत नव्हतं. वर्गात हसतील म्हणून शंका विचारली नाही, आणि प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारता येते हे कुणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरात आत्या, मामा, मोठा भाऊ कॉलेज करून आलेले असतात, त्यांच्या कानावर हे सगळं आपोआप पडतं. तुमच्या मुलीच्या वाट्याला ते आलं नाही, यात तुमचा काहीच दोष नाही. मार्गदर्शक त्या रिकाम्या जागेवर येतो. तुमच्या जागेवर तो येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं सांगते. पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. शाळेत कायम पहिली आलेली पोर, तिने लाजेने फोन उचलणंच सोडलं. तिच्या मार्गदर्शक बाई नोकरी करणाऱ्या, स्वतःचा संसार असलेल्या. त्या रागावल्या नाहीत, घरी कळवेन असा धाकही घातला नाही. दर रविवारी संध्याकाळी एकच ओळ पाठवायच्या : ‘उत्तर नको, वाचलंस एवढं कळव.’ पाचव्या रविवारी मुलीकडून एक शब्द आला, ‘वाचलं.’ त्या आठवड्यात दोघींनी मिळून फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. फीचे पैसे तर आधीच भरलेले होते, पण त्या पाच रविवारांचं काम त्या पैशांनी झालं नसतं.

हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मिळते, पण तिचा अर्ज फार किचकट. तिथल्या संशोधकांनी आयकराचे कागद भरून घ्यायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना तिथल्या तिथे माणसाने अर्ज भरायला मदत केली, काहींना मदत किती मिळू शकेल याची फक्त माहिती दिली. नुसत्या माहितीने काही फरक पडला नाही. ज्यांना माणसाची मदत मिळाली, त्यांच्या मुलांत पुढे कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. अर्ज तोच, सरकारी मदतही तीच.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरोघरी माहीत आहे, फक्त अर्धं. भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, हे सगळे सांगतात. पण महाराजांपर्यंत त्यांचं नाव नेलं कुणी? केळुसकर गुरुजींनी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांनी हेरला, त्याला पुस्तकं दिली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं, आणि पुढे पैशापायी शिक्षण अडायला लागलं तेव्हा महाराजांकडे शब्द टाकला. त्यामुळे रामजी सुभेदारांचं वडील म्हणून असलेलं स्थान तसूभरही कमी झालं नाही. मुलाच्या अभ्यासासाठी खस्ता खाल्ल्या त्या त्यांनीच.

तरीही, कुठलाही मार्गदर्शक चालेल असं मी म्हणणार नाही. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही अमेरिकेतली जुनी संस्था मुलांना असेच मोठे सोबती जोडून देते. तिथल्या जोड्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोडीतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला, पण जी जोडी तीन महिन्यांच्या आतच तुटली, तिच्यातल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. उत्साहाने येऊन मध्येच गायब होणारा माणूस नसलेलाच बरा. म्हणून संस्थेला विचारा : मार्गदर्शक किती काळासाठी शब्द देतो? त्याने मध्येच सोडलं तर दुसरा किती दिवसांत मिळतो? मुलीचं त्याच्याशी जमलं नाही तर बदलून मिळतो का?

मुलीचे वडील म्हणून तुमच्या मनात आणखी एक काळजी असणार, ती तुम्ही लिहिली नाहीत तरी मला दिसते. तीही स्पष्ट विचारा. मार्गदर्शकाची पार्श्वभूमी तपासली आहे का? भेटी कुठे होतात? काही खटकलं तर संस्थेत नेमका कुणाला फोन करायचा? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही, तिच्याकडे उत्तरं तयार असतात. मुलीला एक खूण सांगून ठेवा : ‘हे घरी सांगू नकोस’ असं मार्गदर्शक म्हणाला, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं.

पैशाच्या अटी एकदा लेखी मागून घ्या आणि शांतपणे वाचा. फी संस्था थेट भरते, की आधी तुम्ही भरायची आणि नंतर परतावा मिळतो? वसतिगृह, परीक्षा शुल्क, पुस्तकं त्यात धरली आहेत का? एक विषय राहिला तर शिष्यवृत्ती बंद होते, की एक संधी मिळते? दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येते का? शिक्षणानंतरचं काही बंधन आहे का? १९१३ साली परदेशी जाण्याआधी आंबेडकरांनीही दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर सही केली होती. बंधन असलं की वाईटच असं नाही, पण सही करण्याआधी ते ठाऊक हवं. आणि अर्जासाठी किंवा मुलाखतीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

आता निबंध. तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते. संस्थेला घरची परिस्थिती कळायला हवी, पण त्यासाठी उत्पन्नाचे कागद असतात, निबंधात दोन ओळी पुरतात. वाचणाऱ्याला हवं असतं ते त्या परिस्थितीत मूल काय करतं. म्हणून तिला रागावू नका, तिच्याकडून निबंध मोठ्याने वाचून घ्या. तिने अडचणी लाज म्हणून लिहिल्यात की तुमच्या कष्टांची जाण म्हणून, हे ऐकताना तुम्हालाच कळेल. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. तिचं नाव किंवा फोटो संस्थेच्या जाहिरातीत नको असेल, तर तसं लेखी कळवता येतं. त्यावरून शिष्यवृत्ती अडवणारी संस्था मला पटणार नाही.

आणि एक राहिलं. रंगाचा हिशेब ती करून देते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. ते निबंधात आहे का? नसेल, तर मुलाखतीत तिला तेच सांगू द्या. भिंतीची लांबी-उंची घेतली, दारं-खिडक्या वजा केल्या, दोन हातांना किती लिटर लागेल ते काढलं, जुनी भिंत रंग जास्त पिते म्हणून वर थोडा धरला. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिला समोर बसवा, एखादी खोली डोळ्यांसमोर आणायला सांगा आणि हा सगळा हिशेब तिच्या तोंडून ऐका. कुठे चुकली तर सांगा, भिंतीचं तुम्हाला जास्त कळतं.