लेकीच्या नाकाचा प्रश्न

न्यू जर्सीहून एका आईने लिहिलंय : मुलगी सतरा वर्षांची. कॉलेजला जायच्या आधी नाकाचं ऑपरेशन करायचंच म्हणून हटून बसलीय. ‘हे गोऱ्यांचं खूळ आपल्या घरात कुठून शिरलं?’

ताई, हे खूळ निव्वळ गोऱ्यांचं कधीच नव्हतं; ज्यांना परकं मानलं जायचं, त्यांचंही होतं. 1887 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन रो या डॉक्टरांनी नकट्या नाकावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्या काळी अमेरिकेतली व्यंगचित्रं आयरिश माणसाला नेमकं तसलंच नाक काढायची. 1898 मध्ये बर्लिनला जाक योसेफनी मोठं नाक लहान करायला घेतलं. ते स्वतः ज्यू, आणि आपण ज्यू आहोत हे कुणाला कळू नये म्हणून त्यांच्याकडे येणारेही होते. पुढे 1950-60च्या दशकांत अमेरिकेतल्या ज्यू घरांत सोळा-सतराच्या मुलींची ऑपरेशनं सर्रास होत. नव्याने आलेल्यांची पोरं आधी नाकच बदलत आलीयेत. आता त्या बाकावर इराणी, कोरियन, लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि आपली मुलंही बसतात. मुलगेसुद्धा.

मागणी मात्र बदललीय. तेव्हा सगळ्यांना एकाच साच्यातलं, शेंडा वर केलेलं नाक मिळायचं. आता बरेच जण म्हणतात, उंचवटा घालवा, पण मी आमच्या घरातलीच दिसले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळांची नाकाची कातडी जाड असते. तिच्याखालचं नुसतं कापून कमी केलं तर शेंडा बेढब दिसतो. कान, बरगडी किंवा नाकाच्या पडद्यातली कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) घेऊन त्याला आधार द्यावा लागतो. म्हणून सर्जनकडे आपल्यासारख्या कातडीच्या पेशंटांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा. गुळगुळीत जाहिरात बघून भुलू नका.

त्याआधी एक करा. लेकीचा फोटो पाच फुटांवरून तुम्ही काढा आणि तिच्या सेल्फीशेजारी ठेवा. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ 30 टक्के जास्त रुंद दिसतं, असं 2018च्या एका अमेरिकन अभ्यासात मांडलंय. पोरगी कुठल्या नाकावर रुसलीय, ते तरी कळेल.

वयाची आडकाठी सहसा नाही. मुलींच्या नाकाची वाढ पंधरा-सोळापर्यंत पुरी होते. पण ‘डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा उरकून टाकू’ असा बेत असेल, तर तो मला पटत नाही. पट्टी आठवड्याभरात निघते, सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. तिकडे परतल्यावर काही बिनसलं तर बघणार कोण? श्वासाचा त्रास असेल तर तो आधी तपासून घ्या. नाकातला पडदा सरळ करण्याचा खर्च विमा देऊ शकतो, रूपाचा देत नाही.

आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजी दर वेळी ‘नाक अगदी बाबावर गेलंय गं, भज्यासारखं’ म्हणून हसत असतील, तर त्यांना आधी फोन करा. मुलीला न सांगता.