ओलं टाकीत, सुकं भट्टीत

जैवइंधनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. उत्तर देताना आम्ही दोनच गोष्टी आधी तपासल्या: मालात पाणी किती, आणि आज तो माल कोणाच्या उपयोगी पडतोय.

प्रश्न : आमचा २ घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस आहे. गोठ्यात दोन म्हशी, दोन गाई. दिवाळीनंतर गॅस जेमतेम अर्धा तास पुरतो, ज्योतही पिवळी पडते. रोज दोन घमेली शेण घालतो. टाकी खराब झाली का? (जि. सातारा)

उत्तर : आधी ती घमेली काट्यावर ठेवा. दोन घमेली म्हणजे फार तर २५-३० किलो. या टाकीला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार जनावरं बांधून असतील तर एवढं निघतं. चरायला जात असतील तर निम्मं शेण रानातच पडतं.

आता हिशेब बघा. एक किलो शेणातून ३५ ते ४० लिटर गॅस मिळतो आणि घरगुती शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण ४५० लिटर जाळतो. म्हणजे २५ किलोंवरही दोन तास शेगडी चालायला हवी, थंडीत थोडी कमी. अर्ध्या तासावर आली आहे, तर नुसत्या थंडीला दोष देऊन भागणार नाही.

सकाळी शेगडी पेटवण्याआधी निर्गम कुंडीत, म्हणजे वापरलेली स्लरी (शेण-पाण्याचा काला) बाहेर पडते तिथे डोकावा. टाकीच्या वरच्या घुमटात गॅस साठला की तो स्लरीला कुंडीत ढकलतो. पातळी रात्रीत चांगली वर आलेली असेल तर गॅस तयार होतोय, अडचण पाइपात किंवा शेगडीत आहे. पातळी हलतच नसेल तर गॅस बनत नाही, नाहीतर घुमटातून निसटतोय. घुमटावरची माती बाजूला करून साबणाचं पाणी ओता आणि वालच्या जोडालाही लावा. बुडबुडे दिसतील तिथे गळती. काडी लावून गळती शोधायला जाऊ नका, आणि टाकीवरच्या नळीच्या तोंडाशीही कधी गॅस पेटवून बघू नका. ज्योत आत जाऊ शकते.

ज्योत फडफडत असेल तर पाइपात पाणी आहे. गॅसबरोबर वाफ येते, थंडीत ती पाइपातच गार होते आणि पाइप जिथे झोल खातो तिथे साठते. पाइपाला पाणी काढायच्या तोटीकडे उतार द्या आणि तोटी आठवड्यातून एकदा तरी उघडा. ज्योत पिवळी पडते ती हवा कमी मिळाल्याने. बर्नरची हवेची भोकं काजळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजलेली असतात, तारेने साफ करा. शेगडी सिलिंडरची असेल तर ती बदला; तिच्या जेटचं भोक या गॅसला लहान पडतं.

राहिली थंडी. टाकीतल्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास मानवतं, पंधराच्या खाली ते जवळजवळ थंडावतात. दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवा, थोडं पाणी कमी करून त्या जागी गोमूत्र घाला आणि घुमटावर पाचटाचा जाड थर द्या. गॅस कमी येतोय म्हणून एकदम जास्त शेण ओतणं ही नेहमीची चूक. त्याने टाकी आंबते, आंबूस वास सुटतो आणि जो गॅस येतो तो पेटतच नाही. तसं झालं तर काही दिवस शेण बंद ठेवा, थोडी चुन्याची निवळी सोडा आणि लिटमससारख्या सामू (pH) कागदावर ६.८ ते ७.५ दिसल्यावर हळूहळू सुरू करा.

गोठा फिनेलने धुतलेलं पाणी आणि प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराचं शेण टाकीत जाऊ देऊ नका. काडीकचऱ्याची वर साय धरते, माती तळाशी बसून टाकीची जागा खाते. गाळ काढायला मात्र कोणालाही आत उतरवू नका. उघड्या दिसणाऱ्या टाकीतही प्राणवायू नसतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

प्रश्न : पऱ्हाट्यांपासून (कापसाच्या वाळक्या झाडांपासून) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या करायचा कारखाना टाकायचा विचार आहे. तासाला एक टनाचं मशीन सुचवलं आहे. परवडेल का? (जि. यवतमाळ)

उत्तर : मशीनपेक्षा पऱ्हाटीचा हिशेब मोठा आहे. रोज ८ तास, वर्षात २५० दिवस चालवलं तर २,००० टन वाळका माल लागतो. हेक्टरी दोन टन धरले तर १,००० हेक्टरांवरची पऱ्हाटी, आणि तीही वेचणी संपल्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या काही महिन्यांत गोळा करायची. म्हणजे छपराची जागा आणि खेळतं भांडवल मशीनइतकंच महत्त्वाचं. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत मावत नाही. भाडं हवेचंच जातं. बांधावरच श्रेडरने बारीक करून आणा. असंही गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ ठेवायचे नसतातच.

उपटलेल्या पऱ्हाटीत ओल भरपूर असते, ती ८ ते १२ टक्क्यांवर यायला हवी. या यंत्रात डिंक, मळी काही घालत नाहीत. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुसा धरून ठेवतं. ओल जास्त असेल तर वाफेने कांडी तडकते, कधी डायमधून (कांडी पाडणाऱ्या साच्यातून) धडाक्याने बाहेर येते. फार कोरडा माल घट्टच होत नाही. मुळांना चिकटलेली माती झटकली नाही तर डाय लवकर झिजते आणि राख वाढते. चांगल्या कांडीचं उष्णतामूल्य किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास असतं. बॉयलरवाल्याशी लेखी दर ठरल्याशिवाय विजेचं कनेक्शनही घेऊ नका.

आणि एक. गावातली भूमिहीन घरं आजही पऱ्हाटीवर भाकऱ्या भाजतात. सगळी उचलली तर त्यांचं सरपण तुम्ही विकत घेतलं नाही, नुसतं नेलं.

प्रश्न : उसाचं पाचट बांधून बॉयलरला विकू का? जाळण्यापेक्षा बरंच ना? (जि. कोल्हापूर)

उत्तर : जाळण्यापेक्षा बरं, पण खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) ठेवणार असाल तर विकू नका. पाचट सरीत पसरा, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. पाणी वाचतं, तण दबतं, सेंद्रिय कर्ब जमिनीतच राहतो. खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल तर निम्मं विकायला हरकत नाही. कारखान्याच्या बॉयलरलाही नुसतं पाचट सोसत नाही. त्यातल्या क्षारांमुळे राख वितळून नळ्यांवर चिकटते. खरा उरलेला माल म्हणजे बगॅस, रस काढून उरलेला चोथा. उसाच्या वजनाचा जवळपास ३० टक्के, तोही आपसूक कारखान्यातच आलेला. सहवीज, म्हणजे कारखान्याच्या वाफेबरोबरच तयार होणारी वीज, त्यावरच चालावी.

प्रश्न : काजूची टरफलं छान पेटतात. चुलीत घातली तर? (जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : नको. टरफलातलं तेल हाताला लागलं तरी फोड येतात. तेच धुरातून डोळ्यांत आणि छातीत जातं. आधी तेल काढून उरलेली पेंड कारखान्याच्या भट्टीला द्या. चुलीला वर्षभर सुकवलेलं लाकूडच घाला, अंगठ्याएवढं फोडलेलं.