गेलेल्या वकील काकांवर, त्यांच्या कंपनी वकिलीवर आणि गोल्फवर लिहितोयस ना?

स्मरणिकेसाठी लिहिताना 'हसतमुख, मनमिळाऊ' आधी खोडून टाक. ते कुणालाही लागू पडतं.

कंपनी वकिलाचं काम कोर्टात फारसं दिसत नाही, ते करारांच्या मसुद्यांत असतं. त्यामुळे काळ सांग. १९५६चा कंपनी कायदा, १९७३चा फेरा (परकीय चलनाचा कायदा), १९९१चं उदारीकरण, मग फेराच्या जागी आलेला १९९९चा फेमा. यातल्या कशाने काकांना रात्री ऑफिसात बसवलं, हे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना विचार. अशिलांची नावं मात्र नकोत. काम संपलं तरी गोपनीयता संपत नाही, आणि काकांना ते मुळीच आवडलं नसतं.

गोल्फचं घरच्यांपेक्षा त्यांच्या कॅडीला (काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) जास्त माहीत असेल. चेंडू झाडीत गेला की काका काय करायचे, एवढंच विचार. तो अर्धा तास बोलेल. या खेळात दंडाचा फटका बहुधा खेळाडूनेच स्वतःवर लावायचा असतो. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स (पुढे तोही अटलांटात वकीलच झाला!) १९२५च्या यूएस ओपनमध्ये, चेंडू किंचित हलल्याचं इतर कुणी पाहिलं नसताना, स्वतःहून एक फटका वाढवून बसला. पुढे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. काकांचा असा एखादा किस्सा मिळाला तर त्यालाच जास्त जागा दे, पदं-पुरस्कार दोन ओळींत उरक.

आणि हो, हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) जितका कमी तितका खेळाडू चांगला. 'हँडिकॅप चोवीसपर्यंत वाढवला' असं कौतुक करशील, तर क्लबातली मंडळी हसतील.

छापायला देण्याआधी काकूंना वाचून दाखव. तारखांच्या चुका त्याच पकडतील.