वाचकांचे प्रश्न: स्पॅनिश बोलणारे सगळे मेक्सिकन नसतात

गेल्या अंकात स्पॅनिश शिकण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. बहुतेकांनी विचारलंय की भाषा किती दिवसांत येईल आणि नोकरी लागेल का, ते पण बघू, पण ज्यांनी ती भाषा बोलणाऱ्या माणसांबद्दल विचारलंय त्यांना मी आधी घेतलंय. नावं छापत नाही, गाव आणि पेठ तेवढी देतेय.

प्रश्न: ताई, मुलगा आणि सूनबाई ह्यूस्टनला असतात, मी पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी चाललेय. शेजारी एक आजी आहेत, त्यांची आणि आमची नातवंडं एकत्र खेळतात. मुलगा म्हणतो आई ते मेक्सिकन आहेत, त्यांना इंग्लिश येत नाही आणि तुलाही येत नाही, तू नुसती हस. पण मला सहा महिने नुसतं हसून काढायचे नाहीत. काय शिकून जाऊ? (राजारामपुरी)

उत्तर: काकू, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. सगळ्यात आधी एक करा, त्या आजी कुठल्या देशाच्या ते त्यांनाच विचारा. ह्यूस्टनमध्ये मेक्सिकोचे लोक भरपूर आहेतच, पण एल साल्वादोर, होंडुरास, ग्वातेमाला, कोलंबिया, व्हेनेझुएला इथले पण खूप आहेत, आणि होंडुरासच्या बाईला सरसकट मेक्सिकन म्हटलं की तिला ते लागतं, बोलून दाखवत नाही एवढंच. प्रत्येक देशाचं जेवण वेगळं, बोलण्याची लकब वेगळी, तिथून निघायचं कारण वेगळं. एल साल्वादोरमधून १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात लोक जीव वाचवायला निघाले, व्हेनेझुएलातून गेल्या दहा-बारा वर्षांत पैशाला किंमतच उरली नाही म्हणून निघाले. यांना एकाच गठ्ठ्यात बांधलं की समोरच्या माणसाचं काहीच आपल्याला कळत नाही.

आणि हे सगळे काल-परवा आलेत असंही समजू नका. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेले लोक, साधारण ६ कोटी २० लाख होते, त्यातल्या तिघांतले दोघं अमेरिकेतच जन्मलेले. तुम्ही जिथं चाललाय ते टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होतं, १८४५ ला अमेरिकेत गेलं, मग अमेरिका आणि मेक्सिकोत युद्ध झालं आणि १८४८ च्या तहात कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि आजूबाजूचा केवढा तरी मुलूख मेक्सिकोच्या हातातून गेला. तिथल्या घराण्यांनी गाव सोडलं नव्हतं, माणसं जागेवरच होती आणि देश बदलला. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी त्यांना अजून लोक विचारतात की तुमचा व्हिसा कुठला. म्हणून सांगते, शेजाऱ्यांकडं कागदपत्रांचा विषय चुकूनसुद्धा काढू नका, कुणाच्या घरात काय काळजी असेल सांगता येत नाही.

रंगावरनं पण ओळखायला जाऊ नका. लॅटिनो माणूस गोरा असतो, काळा असतो, आपल्यासारखा सावळा असतो, पेरूत जपानी वंशाचे असतात, मेक्सिकोत लेबनॉनहून आलेल्या घराण्यातले असतात. कित्येकांच्या घरात स्पॅनिश ही मुळात दुसरी भाषा असते, ग्वातेमालात वीसच्या वर माया भाषा आहेत, तिथून आलेल्या एखाद्या आजीचं स्पॅनिश तुमच्या हिंदीसारखं असू शकतं, म्हणजे कामापुरतं. अशा आजी भेटल्या तर तुमची दोघींची जोडी छान जमेल, दोघी सावकाश बोलाल.

आता बोलायचं काय. मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणायचं, 'तू' म्हणायचं नाही, हे आपल्याला वेगळं शिकवायला लागत नाही. नावाच्या आधी 'दोन्या' लावा, म्हणजे मारिया असतील तर दोन्या मारिया. सकाळी 'बुएनोस दियास', दुपारी 'बुएनास तार्देस'. कुठल्या तुम्ही, हे 'दे दोंदे एस उस्तेद?' आणि स्वतःबद्दल 'सोय दे ला इंदिया, दे कोल्हापूर'. भेटल्यावर त्या गालाला गाल लावतील, दचकू नका. त्यांच्या नावामागं दोन आडनावं असतील, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं, आणि लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे असं तिकडं नसतं, त्यामुळं नवऱ्याचं आणि बायकोचं आडनाव वेगळं दिसलं म्हणून भलता अर्थ काढू नका.

आणि जाताना बॅगेत आपल्या गुळाची छोटी ढेप टाका. खरंच सांगते. कोलंबियात पानेला म्हणतात, मेक्सिकोत पिलोन्सियो, होंडुरासकडं रापादुरा, पण वस्तू तीच, उसाचा रस काहिलीत आटवून केलेला गूळ, आणि कोलंबियात तर त्याची गुऱ्हाळं गावोगाव आहेत आणि पानेला पाण्यात विरघळवून लिंबू पिळून रोज पितात. कोल्हापूरच्या बाईनं ओळख काढायला याच्यापेक्षा चांगलं काय न्यायचं. त्या बदल्यात त्या तुम्हाला काय खायला घालतील ते देशावर आहे, साल्वादोरच्या असतील तर पुपुसा, म्हणजे मक्याच्या पिठाची आत सारण भरलेली जाड भाकरी. मांस खात नसाल तर आधीच सांगा, 'नो कोमो कार्ने', कारण सारणात डुकराचं मांस असू शकतं. घेवड्याचं आणि चीजचं पण मिळतं.

प्रश्न: इथं आपल्या पोरांना धड मराठी लिहायला येईना आणि तुम्ही स्पॅनिशचं कौतुक लावलंय. कशाला पाहिजेत असली थेरं? (इचलकरंजी)

उत्तर: मराठीची काळजी मलाही आहे, ती तुमच्याइतकीच आहे. पण हा विषय लॅटिनो घरांना जेवढा ठाऊक आहे तेवढा फार थोड्यांना असेल. कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या शाळांत एकेकाळी मैदानात स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना मारायचे, दंड करायचे. त्या मुलांनी मोठं झाल्यावर आपल्या पोरांशी मुद्दाम फक्त इंग्लिश बोललं, आपण सोसलं ते त्यांना नको म्हणून. आज त्यांची नातवंडं आजीशी दोन वाक्यं बोलायला अडखळतात आणि वर नातेवाईक त्यांनाच टोमणे मारतात. हे वाचलं की मला आपली इथली इंग्लिश मीडियमची पोरं डोळ्यापुढं येतात, जी आजोबांना आलेलं पत्र वाचून दाखवू शकत नाहीत. दुसरी भाषा शिकल्यानं मराठी गेली असं मी वर्गात कधी बघितलं नाही, घरात बोलणं बंद झाल्यानं गेलेली मात्र खूप बघितलीय. तेव्हा घरात मराठी बोला, वाचा, आणि पोराला स्पॅनिश शिकायचं असेल तर शिकू द्या.

प्रश्न: मॅडम मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळेत 'जगातील संस्कृती' म्हणून एक दिवस करायचाय, आमच्या वर्गाला लॅटिन अमेरिका आलंय. मुलांनी मोठ्या टोप्या आणि खोट्या मिशा लावून नाच बसवायचं ठरवलंय. तासाभराचा कार्यक्रम आहे, अजून काय करता येईल? (गडहिंग्लज)

उत्तर: बाई, टोप्या आणि मिशा राहू द्या. मुलांचा हेतू चांगलाच असणार, त्यांना रागावू नका, पण वीस देशांच्या कोट्यवधी लोकांचं एवढंच चित्र मुलांच्या डोक्यात बसलं तर तो दिवस करून उपयोग काय. कुणी आपल्याकडचा म्हणून फेटा आणि कोल्हापुरी चप्पल घालून नुसतं 'रांगडा गडी' करून दाखवलं तर आपल्याला ते पुरेसं वाटेल का?

त्याऐवजी स्वयंपाकघरातून सुरू करा. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा, पेरू, पपई, सीताफळ, काजू हे सगळं अमेरिका खंडातलं, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि व्यापारातून आपल्याकडं आलं. तांबड्या रश्शातली मिरची ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं लावून जोपासली त्या लोकांबद्दल हा कार्यक्रम आहे, एवढं सांगितलं की गडहिंग्लजचं पोरगं कान देऊन ऐकेल, कारण मिरचीचा बाजार त्याच्या गावातच आहे. मका दाखवताना हे पण सांगा की तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुवून मग वाटतात. त्यानं पीठ चिकट होतं, भाकरी नीट थापता येते आणि मक्यातलं नायासिन नावाचं जीवनसत्त्व अंगाला लागतं. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि तिथल्या गरिबांना मका खाऊन खाऊन पेलाग्रा, म्हणजे नायासिन कमी पडल्यानं होणारा आजार झाला. विज्ञानाच्या सरांना हा भाग द्या, ते आवडीनं घेतील.

मग पांडुरंग खानखोजे. हे नाव आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्ध्याचा माणूस, अमेरिकेत गदर चळवळीत, म्हणजे तिथल्या भारतीयांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या चळवळीत होता, इंग्रज मागावर म्हणून देशोदेशी फिरला आणि शेवटी मेक्सिकोत पोचला. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं रंगवलेलं एक चित्र आहे, सगळ्या थरांतली माणसं एका टेबलाभोवती बसलीत आणि एक जण भाकरी वाटतोय, त्यात खानखोजे आहेत. २०२२ ला चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला. मराठी माणूस तिकडच्या शेतकऱ्यांत जाऊन, त्यांची भाषा शिकून, त्यांच्याच भाषेत शिकवत होता, मुलांना यातून जे कळेल ते नाचातून नाही कळणार.

आणि मोठ्या वर्गांसाठी मेंडेझ खटला घ्या. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ, तो मेक्सिकोचा आणि ती पोर्तो रिकोची, यांची मुलं आत्याबरोबर वेस्टमिन्स्टरच्या शाळेत नाव घालायला गेली. आत्याची स्वतःची मुलं रंगानं उजळ आणि आडनाव फ्रेंच वाटेल असं, त्यांना शाळेनं घेतलं आणि मेंडेझच्या मुलांना नाही म्हटलं. एकाच कुटुंबातली भावंडं! आत्या सगळ्यांना घेऊन परत आली. गोन्झालोनं बाकीच्या घरांना बरोबर घेऊन १९४५ ला खटला भरला, १९४६ ला जिंकला, १९४७ ला वरच्या कोर्टानं निकाल कायम ठेवला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं शाळांतली वेगळी बसवणूक कायद्यानं संपवली. सगळ्या देशासाठी तसा निकाल १९५४ ला आला. आता तुमच्या मुलांना विचारा की शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा कधी बंद केल्या. १९१९ ला. १९१९ आणि १९४७ या दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या, तासातली वीस मिनिटं त्यालाच ठेवा. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास ठाऊक असलेला पोरगा तिकडच्या मेंडेझच्या पोरीचं दुःख लगेच ओळखेल असं मला वाटतं.

गाणं-नाच पाहिजेच असेल तर एक देश निवडा आणि कुठल्या भागातला, कधी करतात, कोण करतात ते आधी सांगून करा. कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा कुंबिया चांगला आहे, त्यात मूळ रहिवाशांची बासरी आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे ढोल एकत्र आलेत, आणि फेर धरून करतात म्हणून मुलींना लवकर जमेल.

प्रश्न: मी बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला आहे, कट्टर ब्राझील फॅन, म्हणून स्पॅनिश शिकायचं ठरवलंय. इथून सुरुवात कशी करू, कुठली परीक्षा देऊ आणि जॉब मिळतो का? (मंगळवार पेठ)

उत्तर: भावा, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. ब्राझीलचे लोक लॅटिन अमेरिकेतलेच, पण त्यांना स्पॅनिश बोलणारे समजलं की त्यांना आवडत नाही. तुझं मन ब्राझीलमध्येच असेल तर खुशाल पोर्तुगीज शीक, दोन्ही भाषा जवळच्या आहेत, एक आली की दुसरी लवकर येते. तरीही स्पॅनिशच पाहिजे असेल तर पुढं वाच.

मराठी माणसाला स्पॅनिशचे उच्चार सोपे जातात, त, द, र आपल्यासारखेच, लिहिलंय तसं बरंचसं वाचायचं. 'मला कॉफी आवडते' ही रचना पण तशीच, आवडणारी कॉफी कर्ता आणि 'मला' बाजूला, इंग्लिशमधून शिकायला गेलास तर इथं गोंधळशील म्हणून थेट मराठीतून विचार कर. अवघड जातात ती क्रियापदांची रूपं, ती रोज मोठ्यानं म्हणूनच पाठ होतात. आणि एकाच देशाचं ऐकत बसू नको. अर्जेंटिनाचे 'तू' ऐवजी 'वोस' म्हणतात आणि 'यो' चा 'शो' करतात, कॅरिबियन बेटांवरचे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, बोगोटाचे बरेच लोक घरातसुद्धा 'उस्तेद' म्हणतात. फुटबॉल बघतोसच, तर सामन्यानंतरच्या मुलाखती ऐक, उरुग्वेचा, मेक्सिकोचा, कोलंबियाचा खेळाडू किती वेगळं बोलतो ते कळेल.

क्लाससाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वांतेस आहे, ते स्पेन सरकारचं, त्यांचे वर्ग ऑनलाइनही असतात. परीक्षा डेले नावाची, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या, मिळालेलं सर्टिफिकेट कायमचं चालतं. कंपन्या साधारण बी२ च्या पुढं विचारतात, ग्राहक सेवा, भाषांतर, हिशेबाची बॅक ऑफिस कामं यात मागणी असते, तुझ्या बी.कॉम.ला ते शेवटचं बरं जुळतं. पण एक ध्यानात ठेव, फोनवर पलीकडं मेक्सिकोची बाई असेल, पेरूचा म्हातारा असेल, आणि तू त्यांना कसं संबोधतोस, दोन आडनावांतलं कुठलं घेतोस यावर ते तुझ्याशी नीट बोलणार की नाही ते ठरतं. ए१ ची तयारी चालू कर, तारखा आणि नोंदणी सेर्वांतेसच्या वेबसाइटवर असते, आणि अडलं तर या पानावर परत लिही.